तोंड आले असता काय करावे आणि किती दिवस वाट पाहावी

कापूस वेचणीच्या दिवसांत तोंड आले म्हणजे शिदोरीतील भाकर आणि ठेचा तसाच घरी परत येतो, कारण तिखटाचा नुसता स्पर्श झाला तरी डोळ्यांत पाणी उभे राहते. "उष्णता झाली" म्हणून ते अंगावर काढण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु तोंडातील प्रत्येक जखम एकाच जातीची नसते, म्हणून आधी उजेडात आरसा धरून ती नीट पाहावी.

साधा छाला सहसा एक सेंटिमीटरपेक्षा लहान, मध्ये पिवळसर-पांढरा आणि कडेने लाल असतो. तो अतिशय दुखतो, पण ७ ते १४ दिवसांत आपोआप भरून येतो, आणि उष्टे खाल्ल्याने दुसऱ्याला होत नाही. गाल चावला जाणे, तुटलेल्या दाताची धार, सैल कवळी, मनावरचा ताण ही त्याची नेहमीची कारणे होत. छाले वारंवार येत असतील तर शरीरात लोह, फॉलिक अॅसिड किंवा बी-१२ कमी असू शकते, त्यामुळे रक्त तपासून घ्यावे. माळकरी घरांत बी-१२ची उणीव विशेष लक्षात ठेवावी, कारण ते पालेभाज्यांतून मिळत नाही. दूध आणि दही नियमित पोटात जायला हवे.

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या कराव्यात. जेवणात तिखट, आंबट आणि कडक पदार्थ टाळून मऊ खिचडी, दूधभात किंवा ताकात कुस्करलेली भाकर घ्यावी, आणि दात मऊ ब्रशने घासावेत. मेडिकलमध्ये मिळणारे तोंडातील छाल्यांचे मलम जेवणापूर्वी लावल्यास घास गिळणे सोपे जाते. मात्र लहान मुलांना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. दुखण्याची गोळी छाल्यावर दाबून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने आतील नाजूक त्वचा पोळते, म्हणून तसे कधीही करू नये.

आता खर्‍याविषयी, कारण विदर्भात हा विषय त्याच्याशिवाय पुरा होत नाही. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घासून केलेला हा खर्रा रोज गालाच्या एकाच कोपऱ्यात धरला जातो, आणि नेमकी तीच जागा आधी पांढुरकी, मग ताठर होत जाते. आमच्या मोठबाबांच्या गालातील जखम दुखत नव्हती, म्हणून कोणी तिच्याकडे पाहिलेच नाही; त्या महिन्यांची चुटपूट मला आजही आहे. न दुखणारी, कडा टणक झालेली किंवा सहज रक्त येणारी जखम, पुसून न जाणारा पांढरा वा लाल चट्टा, मानेत गाठ, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दंतवैद्याकडे जावे.

स्वतःची तीन बोटे उभी एकावर एक धरून दातांमध्ये जातात का, हेही पाहावे. जात नसतील तर सुपारीने तोंड आवळू लागले असण्याची शक्यता आहे. छाला ज्या दिवशी दिसला ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी, आणि दोन आठवड्यांनंतरही तो भरला नसेल तर दुखो वा न दुखो, दाखवून यावे. खर्रा सोडायचा असल्यास १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतक्रमांक निःशुल्क आहे.