कॅनडातील मोफत इंग्रजी वर्ग: नागरिकत्व मिळण्याआधीच नाव नोंदवा

पीआर (कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना) घेऊन कॅनडात आलेल्या कुटुंबात नोकरी करणाऱ्याचे इंग्रजी रोजच्या वापराने सुधारते. घर आणि मुले सांभाळणारी व्यक्ती मात्र मागे राहते, आणि केंद्र सरकारच्या खर्चाने १९९२ पासून चालणारे ‘लिंक’ (LINC) हे मोफत इंग्रजी वर्ग माझ्या मते तिच्यासाठीच सर्वांत मोलाचे आहेत. मात्र ते प्रामुख्याने पीआरधारक आणि निर्वासित म्हणून संरक्षण मिळालेल्यांसाठी असल्याने नागरिकत्व मिळताच हा हक्क संपतो. म्हणून ‘मुले जरा मोठी झाली की पाहू’ असे म्हणत वेळ दवडू नये. काही केंद्रांत लहान मुलांना सांभाळण्याची सोय असते, ती नाव नोंदवतानाच विचारावी. प्रवेशाआधीच्या चाचणीची धास्ती नको, कारण तिच्यात कोणी नापास होत नाही, फक्त पातळी ठरते. डॉक्टरांची वेळ घेणे, मुलांच्या शिक्षकांशी बोलणे, तिथल्या रीतिभाती समजून घेणे अशा विषयांतूनच वर्गात भाषा शिकवली जाते. ऐकणे आणि बोलणे यांत चौथी किंवा त्यावरची पातळी दाखवणारे प्रमाणपत्र जपून ठेवावे. १८ ते ५४ वयोगटातील अर्जदाराला नागरिकत्वाच्या अर्जासोबत ते भाषेचा पुरावा म्हणून जोडता येते.