लोकांसाठी वकिली करायची आहे? पुण्यात सुरुवात अशी करा

लॉच्या मुलांना सगळे एकच सांगतात: दिल्लीतल्या मोठ्या संस्थांना मेल टाका. माझं स्पष्ट मत आहे, आधी शिवाजीनगर कोर्टातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कामगार, कोठडीतले आरोपी यांना मोफत वकील मिळतो. ही माणसं तिथे रोज येतात.

तिथल्या इंटर्नशिपचा अर्ज एक पानी, सोबत कॉलेजचं पत्र. बार कौन्सिलच्या नियमाने तीन वर्षांच्या कोर्सला १२ आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे इंटर्नशिप लागते, तीही एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. तेव्हा शेवटच्या वर्षावर ढकलू नका.

खरं अवघड काम म्हणजे पक्षकाराचं पहिलं टिपण, म्हणजे त्याची हकिकत लिहून घेणं. मी तिथेच चुकलो. २०२३ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका छोट्या कारखान्यात काम करणाऱ्या ताई आल्या होत्या. मालकाने अंगाला हात लावला होता. कधी? "गणपतीच्या दोन दिवस आधी." आदल्या वर्षी गणपती ३१ ऑगस्टला बसले होते, म्हणून मी बेधडक 'ऑगस्टअखेर' लिहिलं आणि शेरा मारला: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार करायची तीन महिन्यांची मुदत संपली. वरिष्ठ वकीलबाईंनी कालनिर्णय समोर ठेवलं. २०२३ मध्ये गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. मुदत शिल्लक होती, आणि मी त्या ताईंना परत पाठवणार होतो. (मुदत गेली असती तरी सबळ कारण असल्यास तक्रार ऐकणारी समिती आणखी तीन महिने देऊ शकते.)

तेव्हापासून मी नुसती तारीख विचारत नाही. सण, पगाराचा दिवस, मुलांची परीक्षा विचारतो आणि पक्षकारासमोरच कॅलेंडरवर बोट ठेवतो. टिपण मराठीत, त्यांच्याच शब्दांत घ्या. 'छळ झाला' एवढ्याने काही कळत नाही. 'मशीन बंद करून मागे उभे राहिले, खांद्यावर हात ठेवला' असं हवं. मध्येच कायदा सांगू नका, "काम होईल" असं तर मुळीच म्हणू नका. उठण्याआधी सगळं वाचून दाखवा. निम्म्या चुका तिथेच सापडतात.

मग कामाची जागा विचारा. दहापेक्षा कमी कामगार असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

वकिलीची सनद मिळाली की प्राधिकरणाच्या लीगल एड डिफेन्स काउन्सेलच्या (आरोपींची मोफत बाजू मांडणारे वकील) जाहिरातींवर लक्ष ठेवा. काम पूर्णवेळ, दरमहा मानधन, आणि सहायक पदासाठी नव्या वकिलांनाही अर्ज करता येतो.