पोर्ट लुईला एक अख्खा दिवस द्या, आणि रविवारी अजिबात जाऊ नका

मॉरिशसला जाऊन आलेली माणसं बडोद्यात आता गल्लोगल्ली सापडतात, आमच्या दांडिया बाजारातच तीन घरं आहेत, पण कुणालाही विचारा की पोर्ट लुई कसं आहे तर उत्तर ठरलेलं, "काही नाही रे, एक मॉल आहे आणि वर रंगीत छत्र्या टांगल्यात." त्यांचीही चूक नाही म्हणा. पॅकेजवाले नॉर्थ टूरच्या दिवशी सगळ्यांना कॉडन वॉटरफ्रंटला दोन तास सोडतात, शॉपिंग करा म्हणतात आणि परत बसमध्ये भरतात. आम्हाला तर रविवारी दुपारी नेऊन सोडलं होतं, सगळी शटरं खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही, बायको म्हणाली ही देशाची राजधानी आहे का कर्फ्यू लागलाय. मग मी डोकं चालवलं, मंगळवारच्या बोट राइडवर पाणी सोडलं आणि आम्ही दोघं साध्या बसने परत गेलो, आणि तो दिवस अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात भारी गेला. तर हे सगळं तुम्हाला पहिल्याच फेरीत जमावं म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, वार. हे ऑफिसांचं आणि बंदराचं गाव आहे, सकाळी लोक गावोगावहून येतात आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास सगळे घरी पळतात, मग गाव एकदम रिकामं. म्हणून सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊला हजर. शनिवारी अर्धंमुर्धं चालतं. सुट्ट्यांचं कॅलेंडर आधी बघून ठेवा कारण तिथे आपले सण पण सार्वजनिक सुट्टीचे असतात, गणेश चतुर्थीला सुट्टी, दिवाळीला सुट्टी, आणि २ नोव्हेंबरला सुट्टी, ती का ते पुढे सांगतो. मे ते नोव्हेंबर हवा छान असते. जानेवारी ते मार्च म्हणजे सायक्लोनचे दिवस, आणि पोर्ट लुई डोंगरांच्या आडोशाला असल्यामुळे तेव्हा उकडतं पण भयंकर, आपल्या मे महिन्यासारखं कोरडं नाही, मुंबईसारखं चिकट.

जायचं कसं, तर मुंबईहून डायरेक्ट विमान आहे, साधारण सहा तास. आम्ही बडोद्याहून रात्रीच्या गाडीने बोरिवलीला उतरलो आणि तिथून टॅक्सी केली. टुरिस्ट म्हणून जाताना आपल्याला व्हिसा आधी काढून ठेवावा लागत नाही, पण परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग हाताशी ठेवा, विचारतात. घड्याळ दीड तास मागे करायचं. थेपले न्या, पॅकबंद असेल तर बरं, पण फळं, बिया, रोपं असलं काही बॅगेत टाकू नका, आमच्या मागे एक काकू आंब्यांवरून अडकल्या होत्या. मॉरिशसचा एक रुपया म्हणजे आपले पावणेदोन-दोनच्या आसपास. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे आपलं यूपीआय पण सुरू झालंय, पण सगळीकडे चालेलच ह्या भरवशावर राहू नका, बाजारात आणि बसमध्ये रोख लागतेच. नोट हातात आली की बघा, तमिळ आणि देवनागरी दोन्ही अक्षरं आहेत तिच्यावर.

हॉटेल ग्रँड बे वगैरे उत्तरेला असेल तर तिकडच्या बसेस इमिग्रेशन स्क्वेअरला येतात, दक्षिणेकडच्या व्हिक्टोरिया स्टेशनला. क्युरपीपहून मेट्रो पण आहे, चकाचक. ड्रायव्हरला "पोर्ट लुईस" म्हणालात तर कळेल त्याला, पण तिथले लोक "पोर-लुई" म्हणतात, शेवटचा स खातात. बोलतात क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून तयार झालेली भाषा, "बोंझूर" आणि "मेर्सी" एवढं येत असलं तरी लोक हसून बोलतात. भाव विचारायला "कोंबयें?", कितीला. बाकी हिंदी बऱ्याच जणांना कळते, आणि बाजारात आम्ही आपसात गुजराती मिक्स मराठी बोलत होतो तर एक दुकानदार सरळ "केम छो" म्हणाला, तिथेपण सुटका नाही!

आता रूट. सुरुवात आप्रवासी घाटापासून करा, मॉलपासून नाही. इमिग्रेशन स्क्वेअरच्या अगदी जवळ आहे. बघायला काय आहे असं विचाराल तर काळ्या दगडाच्या थोड्या खोल्या, पाया, आणि पाण्याकडून वर येणाऱ्या पायऱ्या. एवढंच. पण कहाणी कळली की पाय निघत नाही. १८३५ मध्ये ब्रिटिश तिथली गुलामगिरी बंद करणार होते, उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून त्याच्या थोडं आधीच हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला लागले. २ नोव्हेंबर १८३४ ला अ‍ॅटलस नावाच्या जहाजातून ३६ जण उतरले, म्हणून ती सुट्टी. त्यानंतर १९२० पर्यंत जवळजवळ साडेचार-पाच लाख लोक आले, काही इथून पुढे दुसऱ्या वसाहतींत गेले पण बहुतेक इथेच राहिले. १८४९ मध्ये हा डेपो बांधला. उतरल्यावर दोन दिवस इथेच ठेवायचे, नाव लिहायचे, नंबर द्यायचे, मग मळ्यावर रवाना. पूर्वी ह्याला कुली घाट म्हणायचे. २००६ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. आत जायला पैसे लागत नाहीत, शेजारच्या माहिती केंद्रात आधी जा आणि मग घाटावर जा, उलटं केलंत तर नुसते दगड दिसतील. इथे तासभर तरी ठेवा.

ह्यात आपलाही हिस्सा आहे हे मला जाईपर्यंत माहीत नव्हतं. मुंबई बंदरातून पण जहाजं जायची, त्यातून रत्नागिरी, सातारा भागातली आपली माणसं गेली, त्यांची पणतवंडं आजही स्वतःला मराठी म्हणतात, शाळेत मराठी शिकतात, घरी बोलतात मात्र क्रिओल. घाटावर आमचं बोलणं ऐकून एक बाई थांबल्या, साठीच्या असतील, म्हणाल्या "तुमी मराठी? आमी पण मराठी." पुढे त्यांची मराठी संपली आणि आमची क्रिओल सुरूच झाली नव्हती, मग हिंदीत गप्पा. गणपतीत मोदक करतो म्हणाल्या. बडोद्याची मराठी ऐकून पुण्याचे लोक जसं नाक मुरडतात ना, तशी माझी पण त्यांच्या मराठीवर एक भुवई वर गेली होती, मग माझीच मला लाज वाटली, आम्ही तरी कुठले शुद्ध! ज्यांना कागदपत्रात रस असेल त्यांच्यासाठी, त्या मजुरांची रजिस्टरं आणि फोटो मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेत, पोर्ट लुईपासून लांब नाही, पण ते वेगळ्या दिवशी.

घाटाच्या शेजारीच जुन्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये गुलामगिरीवरचं म्युझियम आहे, वेळ असेल तर अर्धा तास, आधी कोण होते आणि मग आपले का आले हे लागोपाठ कळतं.

साडेदहा वाजले की रस्ता ओलांडून सेंट्रल मार्केट. रस्ता म्हणजे साधा रस्ता नाही, मोटरवे आहे, सिग्नलवरूनच जा. बडोद्याचं खंडेराव मार्केट आठवेल तुम्हाला, भाजीचे ढीग, ओरडा, वरच्या मजल्यावर टोपल्या, पिशव्या, डोडो पक्ष्याचे कीचेन. वर भाव पाडून घ्या, निम्म्यापासून सुरू करायचं, मांडवीत करतो तसंच. खाली भाजीत मात्र घासाघीस नको. भाज्या सगळ्या ओळखीच्या, नावं मजेशीर, भेंडीला लालो, कारल्याला मार्गोझ, दोडक्याला पिपंगाय. बायकोने ही नावं डायरीत लिहून आणली, आता घरी "आज मार्गोझ आहे" म्हणते, मुलांना वाटतं काहीतरी फॉरेनचं.

नाश्ता हॉटेलात करून येऊ नका, इथेच करा. धोल पुरी म्हणजे वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेली मऊ पातळ पोळी, दोन एकावर एक ठेवून आत वालासारख्या मोठ्या दाण्यांची भाजी, टोमॅटोची रुगाय, चटणी आणि कागदात गुंडाळून हातात. पुरणपोळीची बिनगुळाची तिखट चुलत बहीण समजा. जिथे ऑफिसच्या लोकांची रांग लांब तिथेच उभं राहायचं, रांग भराभर सरकते. गातो पिमा म्हणजे आपला डाळवडाच, लहान आणि मिरचीचा, तिथे तो पावात लोणी लावून खातात, ऐकायला विचित्र पण पावसाळ्यात बडोद्यात डाळवड्याच्या गाडीवर हे कुणी सुरू केलं तर चालेल. वर आलुदा प्या, दूध, सब्जा, चायना ग्रासची जेली, फालुद्याचाच भाऊ. शाकाहारी असाल तर हे तिन्ही बिनधास्त, फक्त नूडल्सच्या गाडीवर विचारून घ्या.

मग सबवेतून पलीकडे कॉडनला या, छत्र्यांखाली तो एक फोटो काढायचा तो काढून टाका आणि सरळ ब्लू पेनी म्युझियम. १८४७ ची दोन पोस्टाची तिकिटं आहेत इथे, एक पेनीचं नारिंगी आणि दोन पेन्सचं निळं, जगातल्या सगळ्यात महागड्या तिकिटांमधली. त्यातली काही तिकिटं तिथल्या गव्हर्नरच्या बायकोने नाचाच्या पार्टीच्या आमंत्रणांवर चिकटवली होती. मॉरिशसच्याच बँका-कंपन्यांनी मिळून १९९३ मध्ये ही जोडी विकत घेऊन परत आणली. ट्रिक अशी की उजेडाने रंग उडू नये म्हणून खऱ्या तिकिटांवरचा दिवा तासातून थोडाच वेळ लावतात, बाकी वेळ नक्कल बघायला मिळते. म्हणून तिकीट काढतानाच विचारा दिवा कधी लागणार आणि तोवर बाकीच्या खोल्या, जुने नकाशे बघा. आम्ही न विचारता सरळ तिथे गेलो आणि वीस मिनिटं अंधाऱ्या काचेसमोर उभे, वॉचमन हसत होता. हे रविवारी बंद.

समोर प्लास द आर्म नावाचा चौक, दोन्ही बाजूंना ताडासारखी झाडं, ला बूर्दोने ह्या फ्रेंच गव्हर्नरचा पुतळा, ह्यानेच १७३५ नंतर बंदर बांधून गाव वसवलं, आणि टोकाला गव्हर्नमेंट हाऊससमोर व्हिक्टोरिया राणी. १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट घेतलं ना, म्हणून एकाच रस्त्यावर दोघं. पाच मिनिटांत होतं.

तिथून डावी-उजवी विचारत कंपनी गार्डनला पोचा, मोठाले वड आहेत, सावली आहे, बाकं आहेत, दुपारी बसायला बेस्ट. आणि इथे बडोदेकरांनी एक पुतळा शोधायचाच, मणिलाल डॉक्टर. हा माणूस आपल्या बडोद्यात जन्मलेला, १८८१ चा, डॉक्टर फक्त आडनाव, धंदा वकिलीचा. गांधीजी १९०१ मध्ये जहाज थांबलं म्हणून इथे काही दिवस राहिले होते, मजुरांचे हाल बघितले आणि पुढे त्यांच्या सांगण्यावरून १९०७ मध्ये मणिलाल आले. तेव्हा मळ्यांवर "डबल कट" चालायचा, एक दिवस खाडा केला की दोन दिवसांचा पगार कापला. मणिलालनी मजुरांच्या केसेस लढवल्या, १९०९ मध्ये हिंदुस्तानी नावाचा पेपर काढला. बडोद्यात कुणाला विचारा, नाव माहीत नाही. मला पण नव्हतं, पाटी वाचून कळलं, आणि मग मी तिथे उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना "ही इज फ्रॉम माय सिटी" सांगत होतो, बायको लांब जाऊन उभी राहिली.

बागेला लागूनच नॅचरल हिस्टरी म्युझियम. छोटं आणि जुनाट आहे, पण डोडो! कमाटी बागेच्या म्युझियममध्ये व्हेलचा सांगाडा बघून मोठे झालेल्यांना आकाराने काही वाटणार नाही, टर्कीपेक्षा थोडा मोठा पक्षी, पण एकाच पक्ष्याची सगळी हाडं असलेला पूर्ण सांगाडा जगात हाच. तो शोधला कुणी, तर तिरियू नावाच्या पोर्ट लुईच्या एका न्हाव्याने, १९०४ च्या आसपास, दुकान सांभाळून डोंगरातल्या गुहा धुंडाळायचा. डोडो स्वतः सतराव्या शतकातच संपला होता. जायच्या आधी म्युझियम चालू आहे ना एवढं बघून घ्या.

तीनच्या पुढे रॉयल रोडने जुम्मा मशिदीवरून, पांढरी, सुंदर कोरीव काम, नमाजाची वेळ सोडून आणि अंगभर कपडे घालून, तिथून चायना टाउनमधून चालत जा. चायना टाउनबद्दल फार अपेक्षा ठेवू नका, कमान आणि दोन-चार गल्ल्या.

शेवटी सिटाडेल, म्हणजे फोर्ट अ‍ॅडलेड, टेकडीवरचा काळ्या दगडाचा किल्ला, ब्रिटिशांनी १८३४ ते १८४० मध्ये बांधला. किल्ला म्हणून आपल्याला त्याचं कौतुक नाही, पावागड चढणाऱ्यांना तर हसू येईल, आत काही नाही, पण वरून एका बाजूला सगळं बंदर आणि दुसरीकडे डोंगरांच्या कुशीत शॉं द मार्स रेसकोर्स, १८१२ पासून घोडे धावतायत तिथे. १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्याचा झेंडा त्याच मैदानावर फडकला. मागे पीटर बोथ डोंगर, टोकावर दगडाचं डोकं ठेवल्यासारखा. चढ एकट्या-दुकट्याने उशिरा चालू नका, वाट सुनसान आहे, खालून टॅक्सी करा आणि भाडं बसायच्या आधी ठरवा, तिथे मीटरचा विषयच नको.

साडेचारला खाली या म्हणजे पाचची गर्दी व्हायच्या आत बस मिळेल. आम्ही पावणेपाच केले आणि ग्रँड बेपर्यंत उभ्याने आलो, हातात कागदात गुंडाळलेल्या धोल पुऱ्या, रात्रीच्या जेवणाला.