वणव्यानंतर वाडीवर मदतीला जाताय? या चुका टाळा

फेब्रुवारी उजाडला की मुळशी, वेल्हे, भोर, मावळच्या डोंगरांवर रात्री लाल रेघा दिसू लागतात. बहुतेक वणवे गवत-पाचोळा जाळून विझतात. पण कधी वारा फिरतो, आग उतरून वाडीला भिडते आणि गोठा, कडब्याची गंज, एखाददुसरं घर घेऊन जाते. फोटो पुण्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पोचतात आणि शनिवारी गाड्या भरून निघतात. हेतूबद्दल शंका नाही. घाईत केलेली काही कामं मात्र वाडीला पुढे महागात पडतात.

पंचनाम्याआधी साफसफाई

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. आलेल्या मंडळींना हाताला काम हवं असतं, म्हणून खराटे आणि घमेली घेऊन जळका गोठा दोन तासांत लख्ख करतात. सोमवारी तलाठी येतात तेव्हा तिथे नुसती मोकळी जमीन असते. काय जळलं, किती जळलं, दाखवायला काही उरत नाही.

मेलेल्या जनावराचंही तेच. वास सुटेल म्हणून लगेच पुरतात, आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा शवविच्छेदनाचा दाखला नसल्यानं प्रकरण अडकतं. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या आपत्ती मदतीच्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीमागे ३७,५०० रुपये आणि शेळी-मेंढीमागे ४,००० रुपये ठरले होते. एखादी आग त्यात बसते की नाही ते तहसील कार्यालयात ठरतं, पण पंचनामाच नसेल तर ठरवायचं तरी काय? त्यामुळे पहिल्या दिवशी झाडू बाजूला ठेवा आणि फोटो काढा: लांबून, जवळून, घरमालकाला उभं करून. गुरांच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर लिहून घ्या. पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन लागत नसेल तर जनावरांच्या उपचारांसाठीचा मदत क्रमांक १९६२ लावा.

साफसफाई आधीच होऊन गेली असेल तर सगळं संपलं असं नाही. वाडीतल्या पोरांच्या मोबाइलमध्ये आगीचे फोटो-व्हिडिओ असतातच, ते तारखेसह एकत्र करा. ग्रामपंचायतीतला घराचा नमुना ८ चा (घरपट्टी आकारणीचा) उतारा काढा. पोलीस पाटील आणि शेजाऱ्यांचे जबाब घ्यायला सांगा. वेळ जास्त लागतो, इतकंच.

आग विझली असं धरून चालणं

वरून राख थंड दिसते, पण जळक्या बुंध्यांच्या मुळांत, गंजीच्या पोटात आणि उकिरड्यात निखारा कित्येक दिवस धुमसतो. दुपारचा वारा सुटला की पुन्हा पेटतो. चपला-सँडल घालून राखेत फिरू नका. उकरा, पाणी मारा, मग तळहाताच्या मागच्या बाजूनं जवळून ऊब पाहा. उतारावर जळक्या झाडांखाली आणि सुट्या दगडांखाली थांबू नका.

गुरांपुढे पीठ, भाकऱ्या, पाव

शहरातला माणूस भुकेल्या गाईला पोळी घालून पुण्य मिळवायला शिकलेला. वाडीवर हेच पुण्य गाईच्या जिवावर येतं. दोन दिवस उपाशी राहिलेल्या जनावरानं एकदम पोतंभर पीठ, धान्य किंवा शिळा भात खाल्ला तर पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, जनावर बसतं आणि पुष्कळदा उठत नाही. आगीतून वाचलेली गाय अशी मदतीनं मरते. असं काही खाऊन झालं असेल आणि गाय रवंथ करायची थांबली असेल, तर घरगुती काढे पाजत बसू नका; डॉक्टरांना तेव्हाच बोलवा.

लागतो तो कोरडा चारा, आणि तो एका टेम्पोनं भागत नाही. डोंगरातली अडीचशे किलोची गाय दिवसाला पाच-सहा किलो सुका चारा खाते. मार्चमध्ये गंज जळली, तर नवं गवत येईपर्यंत शंभर दिवस काढायचे. चार गुरांच्या घराला वीस ते चोवीस क्विंटल. दौंड-बारामतीकडून उसाचं वाढं आणता येतं, पण कारखाने बंद होईपर्यंतच. शिवाय नुसत्या वाढ्यावर जनावरं महिनाभर ठेवली तर त्यातल्या ऑक्झॅलेट या घटकानं जनावराला कॅल्शियम कमी पडतं. सोबत कडबा किंवा भाताचा पेंढा हवाच. पहिल्या शनिवारी पाच टेम्पो चारा पाठवण्यापेक्षा दर पंधरवड्याला एक पाठवा. उघड्यावर रचलेला चारा वळवाच्या पहिल्याच सरीत कुजतो, आणि ठेवायला कोठार तर जळलेलं असतं.

खूर आणि कासेच्या भाजण्याचा त्रास कधी दोन-तीन दिवसांनी दिसायला लागतो. गाय लंगडायला लागली, वासराला पाजेना, तर तिकडे बघा.

कपड्यांचे ढीग

जीन्स, लग्नातले ब्लेझर, एका पायातला बूट. साठीची बाई नऊवारी नेसते आणि तिच्यापुढे लेगिंग्जचं गाठोडं. यावर जास्त लिहायची गरज नाही.

पाण्याच्या पाइपबद्दल मात्र लिहायलाच हवं. कित्येक वाड्यांना वरच्या झऱ्यावरून काळ्या प्लास्टिकच्या पाइपनं उतारानं पाणी येतं. वणव्यात तोच आधी वितळतो आणि बायकांच्या डोक्यावर हंडे येतात. निघण्याआधी फोन करून विचारा: पाइप किती इंची, किती मीटर जळाला, जोडायला कपलर किती हवेत. एक इंची पाइपवाल्या वाडीत दीड इंचीची भेंडोळी नेऊन टाकली तर ती तिथेच पडून राहतात. जोडून झालं की पहिलं पाणी सोडून द्या, टाकीतली राख काढा, मगच प्या.

पत्रे दिलेत तर सोबत जे-हुक, वायसर आणि वासेही द्या. नुसता दगड ठेवून दाबलेला पत्रा घाटावरच्या जूनच्या वाऱ्यापुढे टिकत नाही. वाशांसाठी जळकी उभी झाडं परवानगीशिवाय तोडायला सांगू नका. गुन्हा घरमालकावर दाखल होतो, तुमच्यावर नाही.

रस्त्याकडेच्या घरात सगळं वाटून परतणं

गाडी जाते तिथपर्यंतच मदत जाते. वरच्या धनगरवाड्यापर्यंत, पठारावरच्या कातकरी कुटुंबांपर्यंत कोणी चढत नाही, आणि खालच्या घरात मात्र तांदळाच्या सात-सात पिशव्या जमतात. त्यातून गावात जी अढी बसते ती वर्षानुवर्षं जात नाही. सरपंच, अंगणवाडीताई आणि वरच्या वस्तीतलं एक माणूस, असं तिघांना बसवून एकच यादी करून घ्या. सरपंचांची एकट्याची यादी पुरेशी मानू नका. का, ते गावात थोडं बसलात की कळेल.

कागदांची यादीही सोबतच करा. सातबारा, आधार, रेशनकार्ड पुन्हा काढता येतं, सातबारा तर ऑनलाइनही मिळतो. वनहक्काच्या दाव्याची पोचपावती आणि जातीच्या दाखल्यासाठी जपलेले आजोबांचे शाळेचे कागद मिळवणं अवघड. पुढचे हेलपाटे घालण्याआधी कागद जळाल्याची पोलीस ठाण्यात नोंद करून घ्या. पुण्यातल्या नोकरदारानं एक दिवस रजा टाकून घरमालकासोबत तहसीलमध्ये बसणं, ही पाच पोती तांदळाहून मोठी मदत आहे. फोटोत ती तितकीशी चांगली दिसत नाही, हे खरं.

मेमध्ये झाडं लावायची

काळा डोंगर बघून हात शिवशिवतात. पण ऐन, पळस, कुंभा, साग अशी बरीच झाडं जळाल्यावरही बुंध्यातून फुटतात. एक पावसाळा वाट पाहा, मेलेलं कोणतं ते नंतरच कळतं. तोवर ग्लिरिसिडिया-सुबाभूळ आणून लावू नका आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जेसीबी नेऊन चर खोदू नका. पहिल्या पावसात राख आणि माती भातखाचरांत उतरते. ती अडवायला तिथल्याच सुट्या दगडांचे बुटके बांध पुरतात.

बियाण्याचं बघा. घरातलं आंबेमोहर किंवा इंद्रायणीचं बी जळालं असेल तर नवं बी मे संपायच्या आत पोचायला हवं, कारण जूनच्या सुरुवातीला रोपं टाकतात. जुलैत दिलेलं बी कोंबड्यांना जातं.

वणवा कुणी लावला, याची चौकशी

वाडीवर पाऊल टाकताच हा प्रश्न नको. कधी गवत चांगलं येतं या समजुतीनं पेटवलेलं असतं, कधी राब भाजताना (भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळताना) ठिणगी उडते, तर कधी गडाखाली मुक्काम केलेल्या शहरी टोळक्याची शेकोटी असते. तपास वनखात्याचा आहे. तुमच्याकडे खरंच माहिती असेल तर वनरक्षकांना सांगा. डोंगरावर पुन्हा धूर दिसला तर आधी वनखात्याच्या १९२६ ला फोन, मग ग्रुपवर फोटो.