वेबसाइटवर गोपनीयता धोरण कसे द्यावे?

लालबागचा मसाला किंवा गिरगावातला घरगुती फराळ दुकानात जाऊन घेतला, तर पैसे देऊन पिशवी उचलली की व्यवहार संपतो आणि ग्राहकाचे नावही कोणी विचारत नाही. तोच ग्राहक वेबसाइटवर आला की त्याला नाव, मोबाइल क्रमांक, ईमेल, इमारत, विंग आणि मजला असे सगळे भरून द्यावे लागते. या माहितीचे आपण काय करतो हे त्याला सांगणारे पान म्हणजे गोपनीयता धोरण, म्हणजेच प्रायव्हसी पॉलिसी. हे पान दुसऱ्याच्या वेबसाइटवरून उचलून चिकटवण्याची सवय आपल्याकडे फार रूढ झाली आहे. माझ्या मते धोरण मुळीच नसण्यापेक्षा ही सवय अधिक घातक आहे, कारण त्यामुळे आपण कधीच न पाळलेली वचने आपल्याच नावाने जाहीर होतात.

आधी नोंद काढा

लिहायला बसण्यापूर्वी आपली वेबसाइट ग्राहकाच्या नजरेने उघडा आणि एक ऑर्डर शेवटपर्यंत नोंदवून पाहा. फॉर्ममधील प्रत्येक रकान्यासाठी कागदावर चार गोष्टी लिहा: कोणती माहिती घेतो, कशासाठी घेतो, ती कुठे साठते आणि ती कोणाकोणाला दिसते. ‘कशासाठी’ याचे उत्तर सुचत नसेल, तर तो रकाना काढून टाकावा. चकलीची ऑर्डर घेताना जन्मतारीख विचारण्याचे काहीच कारण नसते.

‘डिलिव्हरीसाठी सूचना’ या रकान्याकडे विशेष लक्ष द्या. मुंबईत दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरातून तिथे हमखास लिहिले जाते, ‘संध्याकाळी सातपर्यंत घरी कोणी नसते, समोरच्या काकूंकडे ठेवा.’ पत्ता आणि मोबाइल क्रमांकाच्या शेजारी हे वाक्य आले की घर रिकामे असण्याची वेळच लेखी नोंदली जाते. ही ओळ ऑर्डर पोहोचल्यानंतरही तुमच्या एक्सेल शीटमध्ये, व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेल्या संदेशात आणि डिलिव्हरी करणाऱ्याच्या फोनमध्ये राहते का, हे तपासल्याशिवाय धोरणात ‘तुमची माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे’ असे लिहू नये.

काही माहिती ग्राहक न भरताच गोळा होते. वेबसाइट ज्या संगणकावर ठेवलेली असते त्या होस्टिंगच्या सर्व्हरवर सहसा आयपी पत्त्यांची, म्हणजे भेट देणाऱ्याच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकांची, नोंद राहते. भेटी मोजणारे गूगल ॲनालिटिक्स बसवले असेल, तर भेट देणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे त्याला पुन्हा ओळखणारी छोटी नोंद, ठेवली जाते, जिची मूळ मुदत दोन वर्षांची असते. संगणकावर क्रोममध्ये एफ१२ दाबून ‘ॲप्लिकेशन’ विभागातील कुकीजची यादी उघडली की आपल्या वेबसाइटवर काय काय चालते ते दिसते. वेबसाइट दुसऱ्या कोणाकडून बनवून घेतली असेल, तर या यादीतील प्रत्येक नोंद कशाची आहे हे त्याला विचारून घ्यावे.

कायदा काय मागतो

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्याआधीच, माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांनी गोपनीयता धोरण वेबसाइटवर प्रसिद्ध करण्याचे आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क देण्याचे बंधन व्यवसायांवर घातले होते. त्या कायद्यातील व्यवसायाच्या व्याख्येत एकट्याने चालवलेला व्यवसायही येतो. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून व्यवसायांवरील बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे. संमती मुक्तपणे आणि ठरावीक हेतूपुरतीच घेतलेली असावी, ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे, आणि १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घ्यावी, हा त्याचा गाभा आहे. युरोपातील मराठी मंडळींना फराळ पाठवत असाल, तर तिथला जीडीपीआर हा माहिती संरक्षणाचा कायदा पाहावा लागेल आणि त्यासाठी जाणकार वकिलाचा सल्ला घेणे बरे.

मग लिहा

आता तुमच्या कागदावरील नोंदीच वाक्यांत उतरवायच्या आहेत. ‘आम्ही आपली माहिती सेवा सुधारण्यासाठी वापरू शकतो’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहा: ‘तुमचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक पार्सल पोहोचवण्यासाठी कुरियर कंपनीला देतो. जाहिरातीसाठी ही माहिती कोणालाही देत नाही.’ पैसे पेमेंट गेटवेमार्फत, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीमार्फत, घेत असाल, तर तसे स्पष्ट सांगा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला ग्राहकाच्या कार्डचा क्रमांक साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे ‘कार्डचा क्रमांक आमच्याकडे साठत नाही’ हे वाक्य, ते खरे असल्याची खात्री करून, ठळकपणे द्यावे; बिचकणाऱ्या ग्राहकाला ते सर्वांत आधी वाचायचे असते.

माहिती किती काळ ठेवता, हेही लिहा. जीएसटी नोंदणी असेल तर हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात, म्हणून ‘मागताक्षणी सगळे पुसून टाकू’ असे वचन देता येत नाही. बिल राहील, पण डिलिव्हरीच्या सूचना पार्सल पोहोचताच काढून टाकू, असे मात्र म्हणता येते. माहिती पाहण्यासाठी, दुरुस्त करण्यासाठी किंवा काढून टाकण्यासाठी कोणाला लिहायचे, तेही द्या. तिथे खऱ्या व्यक्तीचे नाव आणि रोज पाहिला जाणारा ईमेल हवा. ग्राहक मराठी असतील तर धोरण मराठीतही ठेवावे. नव्या कायद्यानेही माहितीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याचा पर्याय देण्यास सांगितले आहे आणि मराठी त्या अनुसूचीत आहेच.

कुठे ठेवावे

वेबसाइट वर्डप्रेस या प्रणालीवर बनवलेली असेल, तर तिच्या ‘सेटिंग्ज’खालील ‘प्रायव्हसी’ विभागात यासाठी पान तयार करण्याची सोय आहे. तिथला तयार नमुना जसाच्या तसा न ठेवता आपला मजकूर घालावा. पानाचा दुवा प्रत्येक पानाच्या फूटरमध्ये, म्हणजे तळाच्या पट्टीत, आणि ऑर्डर नोंदवण्याच्या बटणाजवळ द्यावा. सणासुदीच्या ऑफरचे संदेश पाठवायचे असतील, तर त्यासाठी वेगळी चौकट ठेवावी आणि तिच्यावर आधीच टिक केलेली नसावी.

धोरणाच्या सुरुवातीला शेवटच्या बदलाची तारीख लिहा आणि नवे प्लगइन (वेबसाइटला जोडलेली जादा सोय), नवी कुरियर कंपनी किंवा नवा फॉर्म आला की मजकूर त्याच दिवशी सुधारा. मग घरातल्याच कोणाला तरी ‘माझी माहिती काढून टाका’ असा ईमेल धोरणातील पत्त्यावर पाठवायला सांगा आणि तो कोण उघडते, किती दिवसांत उत्तर जाते आणि ते नाव शीटमधून, व्हॉट्सॲपवरून आणि ऑफरच्या यादीतून खरोखर निघते का, ते पाहा. जिथे निघत नाही तिथली पद्धत आधी बदला. तोवर धोरणातील माहिती काढून टाकण्याचे वचन प्रसिद्ध करू नका.