पोस्टातली पगाराची शिडी आणि कन्नडचा पेपर

खानापूर, निपाणी, उचगाव, येळ्ळूर भागातली मुलं पोस्टाची जाहिरात आली की आधी पगाराचा आकडा बघतात. आपल्या सीमाभागात त्याआधी दहावीचं मार्कशीट काढून बघावं. पोस्टाच्या कर्नाटक सर्कलमधल्या, म्हणजे त्या राज्याच्या कार्यक्षेत्रातल्या, ग्रामीण डाक सेवक भरतीला स्थानिक भाषा म्हणजे कन्नड, आणि ती किमान दहावीपर्यंत शिकलेली असावी लागते. मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकची दहावी, झालेल्यांना अडचण नसते, कारण कन्नड दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून असतेच. अडतात ते चंदगड-गडहिंग्लजकडे महाराष्ट्र बोर्डातून शिकलेले आणि हिंदी-संस्कृत घेऊन सीबीएसई केलेले. त्यातल्या दहावीपर्यंत मराठी शिकलेल्यांनी महाराष्ट्र सर्कलचा फॉर्म भरावा, तिथे मराठी चालते. निवड दहावीच्या गुणांवर होते, लेखी परीक्षा नसते. त्यामुळे 'फॉर्म तर भरून टाकू' म्हणून कन्नड न शिकताच भरलेला अर्ज यादीत नाव लागलं तरी कागदपत्रांच्या तपासणीत बाद होतो.

आता पैसे. ग्रामीण डाक सेवकाला जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, टीआरसीए म्हणजे कामाच्या तासांवर ठरणारा भत्ता म्हणतात. १ जुलै २०१८ पासूनच्या रचनेत चार तासांच्या कामाला शाखा पोस्टमास्तरला, म्हणजे बीपीएमला, १२,००० आणि एबीपीएम (सहायक शाखा पोस्टमास्तर) किंवा डाक सेवकाला १०,००० पासून सुरुवात होते. पाच तासांच्या कार्यालयात हेच आकडे १४,५०० आणि १२,००० आहेत. वर्षाला तीन टक्के वाढ, वर केंद्राच्या दराने महागाई भत्ता. घरभाडे भत्ता नाही. कार्यालय चार तासांचं की पाच तासांचं हे तिथल्या कामाच्या बोजावर ठरतं, तुमच्या मागणीवर नाही. शिवाय बीपीएमला त्याच गावात राहावं लागतं आणि पोस्टासाठी जागाही स्वतःच बघावी लागते. बेळगावात खोली करून खेड्यातलं पोस्ट सांभाळू, असा बेत असेल तर तो आत्ताच सोडलेला बरा.

त्याच्या वर खात्याची नियमित नोकरी सुरू होते. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात, म्हणजे १ जानेवारी २०१६ पासूनच्या मूळ पगारात, एमटीएस (मल्टी टास्किंग स्टाफ) लेव्हल १ ला १८,००० वर, पोस्टमन लेव्हल ३ ला २१,७०० वर आणि पोस्टल असिस्टंट म्हणजे पीए लेव्हल ४ ला २५,५०० वर लागतो. पुढे पदोन्नतीची पदं: एलएसजी (लोअर सिलेक्शन ग्रेड) लेव्हल ५ (२९,२००), एचएसजी-२ (हायर सिलेक्शन ग्रेड) लेव्हल ६ (३५,४००) आणि एचएसजी-१ लेव्हल ७ (४४,९००). इन्स्पेक्टरही लेव्हल ७ लाच, पण तो खात्यांतर्गत परीक्षेतून किंवा स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल परीक्षेतून थेट येतो. आठवा आयोग लागू झाला की आकडे बदलतील.

डाक सेवकाला वर चढायची मुख्य वाट म्हणजे खात्यांतर्गत परीक्षा. इथे पुन्हा कन्नड आडवी येते, आणि या वेळी मार्कशीट पुरत नाही. एमटीएस आणि पोस्टमनच्या परीक्षेत दुसरा पेपर स्थानिक भाषेचा असतो: इंग्रजीतून कन्नडमध्ये आणि कन्नडमधून इंग्रजीत शब्द, कन्नडमध्ये पत्र, कन्नडमध्ये छोटा निबंध. रोज कन्नड बोलणारी, पाटी वाचणारी आपली मुलं इथे मार खातात, कारण हाताला लिहायची सवय नसते. चूक बहुधा ठरलेली असते. मराठीत 'त्त', 'म्म' अशी जोडाक्षरं एका ओळीत लिहितो, कन्नडमध्ये दुसरं व्यंजन खाली ओत्तक्षर म्हणून जातं. ऱ्हस्व-दीर्घ 'ए' आणि 'ओ' हा फरक तर मराठी लिपीत नाहीच, म्हणून 'एरडु'चा ऱ्हस्व 'ए' आणि 'एळु'चा दीर्घ 'ए' हात एकच काढतो. उपाय साधा आहे. रोज एक अर्ज कन्नडमध्ये हाताने लिहायचा: रजेचा, पत्ता बदलल्याचा, पार्सल न मिळाल्याच्या तक्रारीचा. सहा महिने नेमाने केलं तर हात बसतो. गाइड नुसतं वाचून बसत नाही.

पोस्टमनसाठी दुचाकीचा परवाना लागतो आणि संगणकावर टंकनाची वेगळी कसोटीही असते. आणखी एक गोष्ट आधीच माहीत हवी: डाक सेवक म्हणून काढलेली वर्षं पुढे एमएसीपीच्या, म्हणजे पदोन्नती न मिळाल्यास ठरावीक वर्षांनी मिळणाऱ्या वाढीच्या, हिशेबात धरत नाहीत. आठ वर्षं बीपीएम राहून पोस्टमन झालात तरी घड्याळ शून्यापासून सुरू.

पदोन्नतीला पगार कसा बसतो ते एका उदाहरणात बघा. पोस्टमनचा मूळ पगार २६,००० आहे, वेतनवाढ जुलैत असते, आणि तो मार्चमध्ये पीए झाला. काहीच लिहून दिलं नाही तर लेव्हल ३ मध्ये एक वाढ धरून २६,८००, मग लेव्हल ४ मध्ये त्याच्या लगेच वरचा खण (तक्त्यातला आकडा) २७,१००. पुढची वाढ जानेवारीत, २७,९००. पण पगारनिश्चिती जुलैपासून करावी असा पर्याय दिला तर मार्च ते जून २६,३०० वर काढावे लागतात. १ जुलैला मात्र दोन वाढी एकदम धरतात, २६,८०० आणि मग २७,६००, आणि लेव्हल ४ मध्ये २७,९०० मिळतात. जानेवारीत २८,७००. चार महिने आठशे कमी घ्यायचे आणि पुढे दर महिन्याला मूळ पगारात आठशे जास्त, वर महागाई भत्ता. हा पर्याय पदोन्नतीपासून एका महिन्याच्या आत लेखी द्यावा लागतो. नव्या खुर्चीच्या गडबडीत तो महिना निघून जातो आणि मग हेलपाटे सुरू होतात. अर्जाची पोच घेऊन ठेवा.

परीक्षा न देणाऱ्यासाठी एमएसीपी आहे: १०, २० आणि ३० वर्षांनी एकेक लेव्हल वर. पीए ४ वरून ५, ६, ७ असा जातो. त्याला गोपनीय अहवालात 'व्हेरी गुड' लागतं, म्हणजे दहापैकी किमान ६ गुण. ५.९ हे 'गुड' धरतात आणि वाढ अडते. अहवाल दाखवल्यापासून पंधरा दिवसांत हरकत घेता येते. तो न वाचताच सही करणारे पुष्कळ.

खरी गोची एलएसजीच्या वेळी होते. दहा वर्षांनी एमएसीपीने लेव्हल ५ मिळालेली असते. मग एलएसजीची नियमित पदोन्नती येते, तीही लेव्हल ५ चीच, त्यामुळे पगार पुन्हा वाढत नाही आणि बदली मात्र लांबची. साहजिकच लोक नकार देतात. मिळालेली वाढ त्यामुळे जात नाही, पण पदोन्नतीला पुन्हा तयारी दाखवेपर्यंत पुढची एमएसीपी थांबते, आणि नकाराने जितका काळ पदोन्नतीतून बाद झालात तितकी ती आणखी पुढे ढकलली जाते. विसाव्या वर्षाच्या तोंडावर असाल तर नकारपत्र लिहिण्याआधी हा हिशेब कागदावर मांडा.

बदलीत पैसेही हलतात. घरभाडे भत्त्यासाठी केंद्राने शहरांचे वर्ग केलेत. बेळगाव शहर वाय वर्गात आहे, तिथे घरभाडे मूळ पगाराच्या २० टक्के. खानापूर किंवा निपाणीत १०. नव्या पीएला २५,५०० वर तो भत्ता अनुक्रमे ५,१०० आणि २,५५० असा पडतो. शहरातल्या खोलीचं भाडं बघता फार काही हातात उरत नाही, हे निराळं.

'आधी कर्नाटकात लागू, मग कोल्हापूरला बदलून घेऊ' असं म्हणणाऱ्यांसाठी नियम ३८ आहे. विनंतीवरून दुसऱ्या विभागात किंवा सर्कलमध्ये जाता येतं, पगार तोच राहतो, पण ज्येष्ठता जाते आणि नव्या ठिकाणी यादीत शेवटून पहिला नंबर लागतो. ज्येष्ठतेवर मिळणाऱ्या पदोन्नतीची रांग पुन्हा मागून धरावी लागते. त्यामुळे जायचंच असेल तर नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतच अर्ज टाकावा. पंधरा वर्षांची ज्येष्ठता साठवून मग गेलात तर तेवढीच घालवाल.