शोकान्त कथा शेवटाकडून वाचू नये

इंग्रजी वाङ्मय घेऊन मी एम. ए.च्या पहिल्या वर्षाला आले, तेव्हा वास्तववादी कथेचा शेवट दुःखाचा दिसला की ‘अखेर नियतीने घाला घातला’ असे लिहून उत्तर पूर्ण करीत असे. पहिल्याच अंतर्गत परीक्षेत हा ‘नियती’ शब्द मी चार ठिकाणी वापरला होता. बाईंनी चारही ठिकाणी त्याखाली रेघ ओढून समासात एवढेच लिहिले होते : ‘या मुलीला दिवसभर कामे कोण सांगते?’ या अभ्यासक्रमाला नव्याने येणाऱ्यांसाठी आज लिहायला बसल्यावर मला त्या प्रश्नापासूनच सुरुवात करावीशी वाटते.

परीक्षेतला प्रश्न रशियन लेखक आन्तोन चेखव यांच्या १८८८ सालच्या कथेवर होता. इंग्रजीत ती ‘स्लीपी’ या नावाने वाचायला मिळते. बाईंच्या प्रश्नातली मुलगी म्हणजे तेरा वर्षांची वार्का; ती एका चांभाराच्या घरी मूल सांभाळायला आहे. मूल रात्रभर रडते, तिचे डोळे मिटतात, आणि डोळा लागला की मार बसतो. कथेच्या शेवटी ती त्या मुलाचा गळा दाबते आणि आता झोपता येईल या आनंदात हसत जमिनीवर आडवी होते. पहिल्या वाचनात हा शेवट अंगावर येतो आणि आधीची पाने धूसर होतात. माझेही तेच झाले होते.

बाईंचा प्रश्न घेऊन मी कथा पुन्हा वाचली आणि वहीत फक्त हुकूम उतरवून काढले. भट्टी पेटव, सामोवार (चहाचे पाणी तापवायचे भांडे) ठेव, मालकाचे गलोश (बुटांवर चढवायचे रबरी जोडे) पूस, बाहेरचा जिना धू, पळत जाऊन बिअरच्या तीन बाटल्या आण, व्होडका आण, बूच काढायचे कुठे आहे, मासा साफ कर; आणि पाहुणे गेल्यावर, दिवे मालवल्यावर, शेवटचा हुकूम : वार्का, मुलाला झोपव. ही यादी समोर आल्यावर माझ्या लक्षात आले की पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत एकही क्षण तिच्या मालकीचा नाही आणि शेवटचे कृत्य त्या शेवटच्या हुकुमाला लागूनच येते. जागेपणी तिच्या तोंडी अंगाईखेरीज जवळजवळ काही नाही. बोलतात ते मालक आणि मालकीण. मधे एक छोटी जागा आहे, तिथे मात्र जरूर थांबावे. गलोश पुसताना तिला वाटते की त्या मोठ्या, खोल गलोशात डोके घालून जरासे झोपता आले तर किती बरे होईल. तिला मिळू शकणाऱ्या स्वातंत्र्याचे सगळे माप त्या बुटाएवढेच आहे, आणि तेही तिला मिळत नाही.

इथे ‘समाज जबाबदार आहे’ असे मोघम लिहून सुटका होत नाही. रशियातील भूदासपद्धती, म्हणजे शेतकऱ्यांना जमीनदाराच्या मालकीचे ठेवणारी पद्धत, १८६१मध्येच रद्द झाली होती. खुद्द चेखव यांच्या आजोबांनी त्याआधी, १८४१मध्ये, पैसे भरून आपले कुटुंब सोडवून घेतले होते. म्हणजे कायद्याने वार्का कोणाची दासी नाही. तिला पडणाऱ्या स्वप्नांतून कळते की तिचा बाप अंतर्गळाने मेला, उपचाराला उशीर झाला होता, आणि त्यानंतर मायलेकी भीक मागत, काम शोधत शहराकडे निघाल्या. मालकाच्या दारात तिला आणून सोडणारी कारणे अशी एकेक दाखवता येतात. ती दाखवली की ‘नियती’ या शब्दाला उत्तरात जागाच उरत नाही.

मराठी वाचकाला इथे एक सोय आहे, ती वाया घालवू नये. कथेच्या मूळ रशियन नावात कर्ताच नाही. ‘झोप येतेय’ म्हणताना ती कोणाला येतेय हे आपणही सांगत नाही, तशीच ती रचना आहे. ‘वार्का’ हे ‘वार्वारा’चे हिणवणारे रूप आहे, आपल्याकडे गंगूची ‘गंगी’ होते तसे. इंग्रजीतून वाचताना या दोन्ही गोष्टी सहज निसटतात. मराठीत विचार केला की त्या पटकन हाती लागतात.

नावांकडे लक्ष द्यायची ही सवय पुढे अमेरिकन लेखिका केट शोपँ यांच्या १८९४च्या ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ या कथेत कामी आली. रेल्वे अपघातात नवरा गेल्याची बातमी येते, आणि बंद खोलीत, उघड्या खिडकीपाशी बसलेल्या बाईला हळूहळू जाणवते की आता उरलेले आयुष्य आपले आहे. तोपर्यंत कथा तिला ‘मिसेस मॅलर्ड’ एवढेच म्हणते. ‘लुईस’ हे तिचे स्वतःचे नाव प्रथम ऐकू येते ते ही जाणीव झाल्यानंतर, बहीण दाराबाहेरून हाक मारते तेव्हा. थोड्याच वेळात नवरा जिवंत परत येतो आणि ती मरते; डॉक्टर म्हणतात, आनंदाने मेली. परीक्षेत बहुतेकजण या शेवटच्या वाक्यावरच पानभर लिहितात. मी आता तिचे नाव पहिल्यांदा कोणत्या परिच्छेदात येते तिथे पेन्सिलने खूण करते आणि उत्तराची सुरुवात तिथून करते.